गुळाच्या रव्यापासून घरफाळ्यापर्यंत: कर आला कुठून आणि तो द्यायचा का?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला लावलेल्या ३० किलोच्या गूळरव्यावर, म्हणजे गुळाच्या ढेपेवर, जीएसटी शून्य. तोच गूळ एक-एक किलोच्या खोक्यात भरला, वर नाव, वजन आणि किंमत छापली की ५ टक्के. गूळ तोच, गुऱ्हाळ तेच, रस आटवायची काहीलसुद्धा तीच. १८ जुलै २०२२ पासूनचा हा नियम आहे: गूळ, तांदूळ, आटा असा जिन्नस २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या पाकिटात असेल तर कर, सुटा असेल तर नाही. नियम आला आणि बाजारात तांदळाच्या २६ किलोच्या पिशव्या दिसायला लागल्या. व्यापाऱ्याला एक किलो जास्त भरायला कितीसा वेळ लागतो?

‘आता गुळावरही कर!’ अशी कुरकुर त्या वेळी खूप झाली. पण खरा प्रश्न उलटा आहे. रव्याला का सोडलं? गरिबाच्या पोटाचा विचार केला, हे उत्तर अर्धंच. उरलेलं अर्धं असं की लेबल लावलेल्या खोक्यामागे नाव-पत्ता असलेला, बिल फाडणारा, नोटीस पाठवली तर सापडणारा माणूस असतो. सुट्या गुळामागे शिवारात पसरलेली गुऱ्हाळं असतात, जी हंगामात चालतात आणि पावसाळ्यात बंद होतात. त्यांच्याकडून पाच-पाच टक्के गोळा करायचे तर करापेक्षा कारकुनांचा पगार जास्त व्हायचा.

जे दिसतं, मोजता येतं आणि अडवता येतं, त्याच्यावरच कर बसतो. करआकारणीचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

वेठ, खळं आणि नाका

नाणी नव्हती तेव्हाही कर होता. तो अंगमेहनतीत घेतला जायचा. राजाचा बांध घालायचा, रस्ता करायचा, ओझं वाहायचं, आणि मजुरी मागायची नाही. आपल्याकडे याला ‘वेठ’ म्हणत. आजही कुणी अडवणूक केली की आपण ‘वेठीस धरलं’ म्हणतो. हा शब्द त्या जुन्या कराचाच उरलेला भाग आहे. वेठीचा बोजा नेहमी गावातल्या सगळ्यात खालच्या माणसावर पडायचा, कारण ‘नाही’ म्हणायची सोय त्यालाच नव्हती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन मोडून त्या जमिनी रयतावा, म्हणजे चाकरीऐवजी सारा भरून कसायच्या, करून दिल्या. वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेण्याची जी सोय त्या व्यवस्थेत होती, तिच्या मुळावर घाव घालण्यासाठीच.

मेहनतीच्या पुढची पायरी धान्याची. गहू, जव, भात, मका यांच्यावर जुनी राज्यं उभी राहिली. रताळ्यावर किंवा सुरणावर उभं राहिलेलं मोठं राज्य शोधूनही सापडत नाही. जेम्स स्कॉट या अभ्यासकाने याचं कारण सोपं करून मांडलं आहे. धान्य जमिनीच्या वर येतं, सगळं एकाच वेळी पिकतं, मापता येतं, साठवता येतं, गाडीत घालून नेता येतं. रताळं मात्र जमिनीखाली असतं आणि लागेल तेव्हा काढता येतं. वसुलीचा माणूस आला की शेतकरी खांदे उडवून मोकळा. ज्वारी मात्र खळ्यावर रास होऊन पडते, आणि रास पडली की राजाचा माणूस तिथे मापटं घेऊन हजर. इजिप्तमध्ये तर पीक यायच्या आधीच अंदाज बांधत: नाईल नदीच्या काठावर पायऱ्या आणि खुणा केलेले मोजस्तंभ असत, पूर किती चढला त्यावरून पीक किती आणि त्यावरून वसुली किती हे ठरायचं.

खळ्याची जागा आपल्या भागात साखर कारखान्याच्या वजनकाट्याने घेतली आहे. उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किलोपर्यंत कागदावर येतं. म्हणूनच सोसायटीचं कर्ज ऊसबिलातूनच कापून घेतात. घरी येऊन वसूल करायची वेळ कुणी येऊ देत नाही. नोकरदाराचा टीडीएस हीच युक्ती आहे. पैसा हातात पडायच्या आधी, जिथे तो एका जागी मोजलेला असतो, तिथेच हिस्सा काढून घ्यायचा.

तिसरी जागा म्हणजे नाका. डोंगर ओलांडायला वाट एकच असेल तर त्या वाटेवर बसणाऱ्याला गावोगाव फिरावं लागत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणं आहे आणि तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असं परंपरेने सांगतात. फोंडा, आंबा, आंबोली या आपल्या घाटांतून मीठ वर यायचं आणि धान्य-गूळ खाली उतरायचा. बैलांच्या तांड्याला आडवाट नसते, हे जकातदारासारखं कुणाला कळणार?

दोन जन्मकथा, आणि एक हेर

कर सुरू कसा झाला, याच्या दोन गोष्टी जगभर सांगितल्या जातात.

पहिली गोष्ट कराराची. महाभारताच्या शांतिपर्वात ती अशी येते: राजा नव्हता तेव्हा मोठा मासा लहान माशाला खातो तसं चाललं होतं, म्हणून लोकांनी मनूला राजा केलं आणि गुरं-सोन्याचा पन्नासावा व धान्याचा दहावा भाग द्यायचं कबूल केलं. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात लोक आपल्यातूनच एकाला निवडतात, त्याला महासम्मत म्हणतात आणि राखणीच्या मोबदल्यात भाताचा वाटा देतात. अर्थशास्त्रात कौटिल्यही मनूचीच गोष्ट घेतो, फक्त दर वेगळे: धान्याचा सहावा, व्यापारी मालाचा दहावा. पण कौटिल्याने ही गोष्ट कुठल्या प्रकरणात सांगितली आहे ते पाहण्यासारखं आहे. हेरांना सूचना देताना! तीर्थावर, सभेत, गर्दीत दोन हेरांनी लोकांसमोर खोटं भांडण करावं. एकाने म्हणावं की राजा दंड आणि कर लावून लोकांना पिळतो, दुसऱ्याने त्याला मनूची गोष्ट सांगून गप्प करावं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासही ‘कर कशाला द्यायचा?’ हा प्रश्न बाजारात विचारला जात होता, आणि त्याचं उत्तर पेरायला पगारी माणसं लागत होती.

दुसरी गोष्ट दरोडेखोराची. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी ती १९९३ मध्ये नेमकी मांडली. फिरता दरोडेखोर सगळं लुटून नेतो, कारण पुढच्या वर्षी त्याला इथे यायचं नसतं. मुक्काम ठोकलेला दरोडेखोर मात्र थोडं घेतो, बाकीचं राहू देतो, दुसऱ्या दरोडेखोराला हाकलतो, विहिरीसुद्धा खणू देतो. कारण पुढच्या सुगीतही त्याला हिस्सा हवा असतो. कालांतराने तो स्वतःला राजा म्हणवतो.

खरं काय? दोन्ही थोडं-थोडं. मराठ्यांची चौथाई घ्या. दुसऱ्याच्या ताब्यातल्या मुलखाकडून महसुलाचा चौथा हिस्सा घ्यायचा, बदल्यात त्या मुलखाला आपल्या फौजेचा उपद्रव द्यायचा नाही. त्यावर वेगळी दहा टक्के सरदेशमुखी. देणाऱ्याच्या नजरेतून ही सरळ खंडणी होती. १७१९ मध्ये दिल्लीहून तिला बादशाही सनद मिळाली आणि तीच रक्कम कायदेशीर हक्क झाली. देणारा तोच, रक्कम तीच, फक्त कागद आला. म्हणून कराचा जन्म पवित्र होता की लुटीचा, यावर वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही. जन्म बऱ्याच ठिकाणी तलवारीतूनच झाला. आजचा कर योग्य आहे का, हे त्याच्या कुंडलीवरून ठरत नाही.

मोजणी चुकली की काय होतं

कराच्या विरोधात झालेल्या उठावांची कारणं पाहिली तर ‘कर आहे’ म्हणून लोक क्वचित उठलेले दिसतात. मोजणी खोटी निघाली, किंवा काल आपलं होतं ते आज न विचारता-सवरता दुसऱ्याच्या वहीत गेलं, की मात्र माणसं पेटतात.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून जमिनीची पाहणी करवली. तत्त्व पुस्तकी आणि सुबक होतं: पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. पण मोजणी करणाऱ्यांनी क्षेत्र चुकीचं मोजलं, पैसे खाऊन वर्गवारी फिरवली, आणि खर्चाचा हिशोब कागदावरच राहिला. दर डोईजड झाले, वरून भाव पडले. इंदापुरात लोक जमिनी टाकून निघून गेले. ५५ टक्के कशाचे, तर पडीक रानाचे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने लिहूनच ठेवलं होतं, की राज्य तरुण असतं तेव्हा कमी दराने जास्त वसुली होते आणि राज्य म्हातारं होतं तेव्हा जास्त दराने कमी.

१८३५ पासून विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्न काढायचा नाद त्यांनी सोडला. मातीच पाहिली. काळ्या मातीचा थर पावणेदोन हात खोल असेल तर ती १६ आणे, म्हणजे पूर्ण कसाची, जमीन. खोली कमी होत गेली की १४, १२, १० असं उतरत २ आण्यांपर्यंत. त्यात चुनखडी मिसळलेली असेल तर एक वर्ग खाली, वाळू असेल तर एक वर्ग, उतार असेल तर एक वर्ग. शेतकरी स्वतः फावड्याने खणून तपासू शकेल असा हा हिशोब होता, आणि दर ३० वर्षांसाठी कायम. विहीर खणली, बांध घातला, तर वाढलेलं उत्पन्न मुदतभर त्याचंच. व्यवस्था आदर्श नव्हती. दुष्काळातही रोख सारा मागणारी होती आणि तिने कित्येकांना सावकाराच्या दारात नेलं. पण तिचं मोजमाप समजण्यासारखं होतं.

त्या पद्धतीची सावली आजही सातबाऱ्यावर आहे. क्षेत्र आणि पोटखराब्याच्या (लागवडीला न येणाऱ्या जमिनीच्या) जवळ ‘आकार’ किंवा ‘आकारणी’ असा रकाना असतो आणि त्यात रुपये-पैशांत एक किरकोळ आकडा असतो. बागायती रानाचाही. तो आकडा चहाच्या बिलाएवढा का, असं वाटत असेल तर कारण हेच: जमिनीची फेरआकारणी करायचं राजकीय धाडस कित्येक दशकांत कुणी केलं नाही. शेतसारा मेला नाही, तो गोठला.

कोल्हापूरला मात्र जमीनमहसुलाची एक जखम तलवारीने झाली. पन्हाळा, सामानगड, भुदरगड अशा किल्ल्यांवरचे गडकरी पिढीजात शिबंदीचे, म्हणजे किल्ला राखणारे, लोक होते. चाकरीच्या बदल्यात त्यांना जमिनी होत्या. १८४३ मध्ये इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना संस्थानच्या कारभारावर बसवलं. या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या गेल्या. दप्तराच्या दृष्टीने ही साधी टापटीप. गडकऱ्यांच्या दृष्टीने आज देखरेख, उद्या सारा आणि परवा जप्ती. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाने दरवाजे लावून घेतले आणि बंड पसरलं. ते मोडायला इंग्रजी फौज आणावी लागली. यात कराचा दर वाढलेला नव्हता. वही बदलली होती, आणि ती कोण लिहिणार हे कुणी गडकऱ्यांना विचारलं नव्हतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण गुजरातचं. बारडोलीत सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. त्यांनी गावोगाव फिरून पाहिलं तर वाढीचा आधार असलेले खंडाचे (कुळाने जमिनीसाठी दिलेल्या भाड्याचे) आकडे कुणी धड तपासलेच नव्हते. वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. लोकांनी कर नाकारला असं आपण म्हणतो. त्यांनी खरं तर गणित परत तपासायला लावलं.

मक्ता

वसुली स्वतः न करता लिलावाने देऊन टाकायची, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड. याला इजारा किंवा मक्ता म्हणत. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने मामलती, म्हणजे महालांच्या वसुलीचे अधिकार, अशा विकल्या. सरकारला रक्कम आगाऊ मिळते, डोकेदुखी नाही. मक्तेदाराला मात्र मुदत संपायच्या आत भांडवल वसूल करून वर नफा काढायचा असतो, त्यामुळे तो ओल्सनच्या फिरत्या दरोडेखोरासारखा वागतो. रयत जगली काय, मेली काय, पुढच्या वर्षी मक्ता त्याच्याकडे असेलच असं नाही.

कोल्हापूरकरांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर झाले आणि त्यांच्या बदल्यात शहराच्या वेशीवर ३० वर्षं टोल, असा करार होता. गोविंद पानसरे आणि एन. डी. पाटील यांच्या पुढाकाराने ‘आम्ही कोल्हापुरी, टोल देणार नाही’ म्हणत सगळं शहर रस्त्यावर उतरलं. लोकांचे प्रश्न कर-तत्त्वाचेच होते. आपल्याच शहरात शिरायला पैसे का? रस्त्याला खरा खर्च किती आला आणि तो कुणी मोजला? दर्जा कुणी तपासला? ३० वर्षांत गोळा होणारी रक्कम खर्चाच्या किती पट? डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचं जाहीर केलं.

गुलाल उधळला गेला, ते योग्यच होतं. पण हिशोब इथे संपत नाही. ठेकेदाराला द्यायची भरपाई शेकडो कोटींची होती आणि ती राज्य सरकारने द्यायची ठरली, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे त्या रस्त्यांवरून कधीही न गेलेल्या गडचिरोलीच्या माणसाच्या काडेपेटीवरच्या करातूनसुद्धा. टोल गेला आणि बोजा पसरला. पसरलेला बोजा जाणवत नाही, एवढाच त्याचा गुण.

चपलेच्या जोडावर जीएसटी कसा चढतो

जकात वाईट का होती? एकतर नाक्यावर गाड्यांची रांग. दुसरं, रोख आणि माणूस समोरासमोर, म्हणजे खिसा आलाच. तिसरं आणि मोठं: करावर कर. चामडं शहरात येताना जकात, तयार चप्पल दुसऱ्या शहरात जाताना पुन्हा जकात, आणि ती आधीच्या जकातीसकट वाढलेल्या किमतीवर. कोल्हापुरात जकातीच्या जागी २०११ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. मग १ जुलै २०१७ पासून जीएसटी.

जीएसटीचं मर्म एका शब्दात आहे: वजावट. आकडे गृहीत धरून बघू. कारागिराने ४०० रुपयांचं चामडं-तळ घेतलं, त्यावर ५ टक्के म्हणजे २० रुपये कर दिला. त्याने जोड दुकानदाराला ९०० ला विकला, कर ४५. पण आधी दिलेले २० वजा करून तो सरकारकडे २५ भरतो. दुकानदार जोड १४०० ला विकतो, कर ७०; त्यातून ४५ वजा, तो भरतो २५. एकूण जमा: २० + २५ + २५ = ७०. नेमके १४०० चे ५ टक्के. मधल्या कुणाच्या खिशाला खार नाही, सगळे ७० रुपये जोड पायात घालणाऱ्याने दिले.

आता यात बिघाड कुठे होतो ते पाहा. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. आपला कारागीर बहुधा या सवलतीत बसतो. पण नोंदणी नाही म्हणजे वजावटही नाही. चामड्यावरचे २० रुपये त्याच्या खर्चात गडप होतात. दुकानदाराला त्याच्याकडून कराचं बिल मिळत नाही, म्हणून तो पूर्ण ७० भरतो. सरकारकडे ७० ऐवजी ९० गेले, आणि करावर कर हा जकातीचा जुना रोग मागच्या दाराने परत आला. म्हणूनच मोठा घाऊक खरेदीदार नोंदणी नसलेल्या कारागिराकडून माल घ्यायला का-कू करतो. सवलत छोट्याच्या भल्यासाठी दिली आणि तीच त्याच्या आड आली.

दुसरा बिघाड पायरीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के, त्यापुढे १८. जोड २५०० चा असेल तर कर १२५, गिऱ्हाईक देणार २६२५. जोड २६०० चा केला तर कर ४६८, गिऱ्हाईक देणार ३०६८. कारागिराने शंभर रुपयांची जास्त कलाकुसर केली आणि किंमत ४४३ ने उडाली. असा कडा जिथे असतो तिथे सगळा बाजार कड्याच्या अलीकडे गर्दी करतो. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात घराच्या खिडक्या मोजून कर घेत, तर लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. २६ किलोची पिशवी ही त्यांचीच धाकटी बहीण.

आयकराचे टप्पे मात्र असे कडे नाहीत, आणि याबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘पगारवाढ नको, वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्यावर कर बसेल’ असं शिकलेली माणसंही म्हणतात. २०२५-२६ च्या नव्या रचनेत करपात्र उत्पन्न १६ लाख असेल तर पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, शेवटच्या ४ लाखांवर १५ टक्क्यांनी ६० हजार. एकूण १ लाख २० हजार, वर ४ टक्के उपकर. वरचा दर फक्त वरच्या थराला लागतो.

आणि कर ‘भरतो’ कोण, हे पावतीवर ठरत नाही. ज्याला थांबता येत नाही, तो भरतो. मीठ महाग झालं म्हणून कुणी अळणी जेवत नाही, म्हणून इंग्रजांचा मिठावरचा कर पूर्ण गरिबाच्या पानात उतरायचा. १९३० साली शिरोड्याला लोक मीठ उचलायला गेले ते यासाठी. गुळाचं उलट आहे. आपल्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात. तिथला व्यापारी दुसरीकडून घेऊ शकतो, इथला शेतकरी गूळ धरून बसू शकत नाही. पावसाळी हवा लागली की रवा पाघळतो. अशा मालावर कर, सेस, अडत काहीही लावा, ते बऱ्याच अंशी मागे सरकत गुऱ्हाळापर्यंत जातं.

तर मग घेणं योग्य आहे का?

विरोधातला सगळ्यात धारदार युक्तिवाद रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये केला. कमाईवर कर म्हणजे जवळपास वेठच. उत्पन्नाचे २० टक्के गेले, तर आठवड्याच्या पाच दिवसांतला एक दिवस तुम्ही दुसऱ्यासाठी, विचारल्याशिवाय राबलात. वेठीचा इतिहास माहीत असलेल्याला हे उडवून लावता येत नाही.

याला उत्तर देताना लोक सहसा रस्ते आणि दिवे मोजायला लागतात. ते दुबळं उत्तर आहे. रस्ता खासगीही होतो, आपण पाहिलाय. बळकट उत्तर मालकीपासून सुरू होतं. ‘माझी कमाई’ हा आकडा कर वजा होण्याआधी तरी निव्वळ माझा होता का? जमीन माझी आहे कारण सातबारा आहे, तलाठी आहे, कोर्ट आहे. पगार मिळतो कारण करार मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा आहे. ही यंत्रणा करावर चालते. करविरहित जगातला माझा सातबारा म्हणजे शेजाऱ्याच्या काठीपेक्षा माझी काठी लांब आहे का, एवढाच प्रश्न. त्यामुळे आधी मालकी आणि मग सरकारने त्यातून ओरबाडलं, हा क्रमच चुकीचा आहे. दोन्ही एकाच वेळी जन्मतात.

आणि काही गोष्टी अशा असतात की त्यांचं तिकीट लावताच येत नाही. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी पाहा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात तो आकडा सगळं कोल्हापूर तासातासाला विचारत असतं. ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यापासून तो लपवता येतो का? नाही. मग ऐच्छिक वर्गणीवर ही व्यवस्था चालेल का? पहिल्या कोरड्या वर्षी वर्गणी आटेल. नाईलच्या काठावर नदी मोजत ती कर ठरवण्यासाठी. इथे कर घेऊन नदी मोजली जाते. एवढा फरक पडायला काही हजार वर्षं लागली.

पण ‘कर घेणं योग्य’ म्हणजे ‘हा कर, एवढा, असाच योग्य’ नव्हे. संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. ही किमान पायरी झाली. त्यावर प्रत्येक कराची वेगळी झडती घ्यावी लागते. व्यवसाय कर घ्या. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. अनुच्छेद २७६ ने वर्षाची कमाल मर्यादा २५०० घातली आहे. ११ महिने २०० चे २२००, उरलेले ३०० फेब्रुवारीत. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीसाठी: शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्याला काम मिळावं म्हणून द्यायचा. कोण देतो, कशासाठी, किती, सगळं एका ओळीत सांगता येतं. असे कर थोडे.

शेती उत्पन्नावर आयकर नाही, हे मात्र एका ओळीत समर्थन करता येत नाही. दीड एकरवाल्याला तो नकोच. त्याच्यावर लावला तर वसुलीचा खर्चही निघणार नाही. पण वर्षाला ३० लाखांचं बागायती उत्पन्न घेणाऱ्याला शून्य, आणि १६ लाख करपात्र पगाराच्या माणसाला सव्वा लाख, हे न्याय म्हणून सांगता येत नाही. ते मतांचं गणित आहे. आयकर खात्याचाही न्याय कधीकधी असाच असतो: सहकारी साखर कारखान्यांनी किमान दरापेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा खर्च नसून नफ्याचं वाटप आहे, असं म्हणून खात्याने वर्षानुवर्षं कर मागितला. ज्यांचा ऊस त्यांचाच कारखाना, मग जास्त दर हा नफा की मालाची किंमत? हा वाद जुन्या वर्षांसाठी मिटायला २०२३ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला, आणि दिलासा सुमारे १० हजार कोटींचा होता.

घरफाळ्याचं बिल वाचताना

पुण्या-मुंबईकडे घरपट्टी किंवा मालमत्ता कर म्हणतात, आपण घरफाळा. सगळ्या करांत हाच असा आहे की ज्याचं मोजमाप नागरिक स्वतः फूटपट्टी घेऊन तपासू शकतो, आणि नेमका तोच कुणी तपासत नाही.

आकारणीच्या दोन पद्धती कायद्यात आहेत. एक भाड्यावरची: घर महिना ५००० ला जाऊ शकत असेल तर वर्षाचे ६०,०००, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, करयोग्य मूल्य ५४,०००, त्यावर टक्केवारीने कर. दुसरी भांडवली मूल्याची: रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला मिळकतीचा) दर गुणिले क्षेत्रफळ, आणि त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, वय यांचे भारांक, म्हणजे रक्कम कमी-जास्त करणारे गुणक. चुका बहुतेक भारांकात आणि मोजमापात असतात. खालचं दुकान बंद होऊन तिथे राहायला लागलात तरी वापर ‘व्यावसायिक’च राहिलेला असतो. चटई क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या जागेच्या) जागी भिंतींसकट बांधीव क्षेत्र धरलेलं असतं. वाटणी झाल्यावर एकाच खोलीची दोन भावांच्या नावावर आकारणी झालेली असते. तीस वर्षांच्या कौलारू घराला आरसीसीचा भारांक लागलेला असतो.

बिलातल्या सगळ्या ओळी महापालिकेच्या नसतात. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर हे राज्याचे आहेत. महापालिका ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. त्यामुळे ‘एवढा घरफाळा घेता आणि गटार तुंबलेलं’ म्हणताना या ओळी वजा करून बोललं तर समोरच्याला पळवाट राहत नाही.

थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४. सावकाराला लाजवील असा दर. म्हणून चूक सापडली तरी भरणा अडवून धरणं महागात पडतं. आकारणीची विशेष नोटीस आली की तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत, सोबत मोजमापाचा नकाशा आणि वापराचा पुरावा: वीजबिल घरगुती दराचं असेल तर तेच पुरेसं बोलकं असतं. सुनावणीत दाद लागली नाही तर न्यायालयात अपील करता येतं, पण वादातली रक्कम आधी भरावी लागते. ती भरताना हरकत कायम ठेवून भरत असल्याचं अर्जात लिहावं, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आवक क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो.